परबकाकांची आकड्यांची रांगोळी

मी कोणावर लिहावं एवढा मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अजून अर्जांखेरीज फारसं काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण परबकाकांबद्दल कोणीतरी लिहायला हवं.

मुलुंडला आमच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर आलं की पाय आपोआप थांबतो. काकांच्या दारासमोर ठिपक्यांची रांगोळी असते आणि ठिपक्यांच्या मधे आकडे. आकडा सांगतो, त्याच्या चार बाजूंपैकी किती बाजूंना रेघ आहे. शेवटी सगळ्या रेघा मिळून एकच बंद वळसा व्हायला हवा. वर्तमानपत्रातले चौकोन काकांना बारीक दिसतात, म्हणून असली कोडी ते स्वतःच रचून जमिनीवर मांडतात.

"काका, मी भाजीला चालत जाऊ की उडी मारू?" शेजारच्या गोरेकाकू विचारतात.

"शून्यावरून जा. तिथे रेघ नाय येणार."

मलाही त्यांनी उकिडवं बसवून शिकवलं. आधी शून्याच्या चारही बाजूंना फुल्या. मग कोपऱ्यातला तीन. त्याच्या कोपऱ्याकडच्या दोन्ही रेघा पक्क्या. एकदा मी घाईत भलतीच रेघ ओढली.

"ही का रे झिला?"

"वाटलं, असेल."

"वाटलं? देवळात कौल लावतोस काय? कारण सांग."

कारण सापडेपर्यंत चहा मिळाला नाही.

रांगोळी झाली की काका फोटो काढून मुलीला पाठवतात. शलाकाताई चेंबूरला असते. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, काका लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून बापलेकीत शब्द नाही. लहानपणी ती ही कोडी त्यांच्या मांडीला मांडी लावून सोडवायची, असं गोरेकाकू सांगतात.

"फोटोखाली काहीतरी लिहा ना," मी म्हटलं होतं.

"काय लिहू? मला दुसरं काय येतं?"

फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा यायच्या. उत्तर नाही. तरी काका दुपारपर्यंत फोन हातातून खाली ठेवत नसत.

परवा त्यांनी आमचं दार वाजवलं आणि फोन माझ्यापुढे धरला. शलाकाताईचा निरोप होता. "बाबा, आजच्याला दोन उत्तरं येतात. खालचा उजवा कोपरा बघा."

नीट रचलेल्या कोड्याला उत्तर एकच असतं. दोन निघाली तर चूक रचणाऱ्याची. काकांना ते किती लागलं असेल, असं मला वाटलं.

"दोन," काका म्हणाले. "म्हणजे बसून पूर्ण सोडवलं रे तिने. दोनदा."