दोन बोटं माया

आमच्या महानंदाकाकू माणसांना नावानं हाक मारत नाहीत, मापानं मारतात. समोरची डॉक्टरीण बत्तीस आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची बायको चव्वेचाळीस, आणि तिची सासू म्हणजे "पन्नासच्या फुडं, टेप सरला." मी बरीच वर्षं छत्तीस होते. मग एकदा गंजगोलाईच्या बाजारात मी चादरी बघत उभी होते, शेजारी माझ्या शाळेतले दोन शिक्षक. रस्त्याच्या पलीकडून आवाज आला, "ए छत्तीस! थांब की गं!" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. काकूंनी रिक्षांना आडवं जात रस्ता ओलांडला, मला वरून खाली एकदा न्याहाळलं आणि त्याच आवाजात जाहीर केलं, "छत्तीस कुठली? अडतीस झालीस की!" त्यानंतर महिनाभर स्टाफरूममध्ये कुठल्याही कागदावर अडतीस हा आकडा आला की कुणीतरी खोकायचं.

काकू लातुरात आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहतात. वय अडुसष्ट, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवून त्या बोलतात, हसतात, भांडतातही. घरात दुसरं माणूस नाही. मुलगा शिवानंद नांदेडला नोकरीला, विष्णुपुरीकडं फ्लॅट घेऊन राहतो. रस्त्याकडच्या खोलीत काकूंचं शिवणकाम चालतं. ब्लाऊजला त्या झंपर म्हणतात, आणि अख्ख्या गल्लीला मापात बसणारं झंपर शिवणारी ही बाई स्वतः मात्र असं ढगळ झंपर घालते की ते खांद्यावरून घसरू नये म्हणून पदराआड एक मोठी सेफ्टीपिन लावावी लागते.

काकूंचा एक लाडका शब्द आहे, माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिवणाऱ्या बायका माया म्हणतात. अंग भरलं की एक शिवण उसवायची, मायेतलं कापड सोडायचं, जुनं झंपर पुन्हा नवं. बाजारातले टेलर अर्धं बोट माया ठेवतात. काकू दोन बोटं ठेवतात. त्यामुळं लग्नात शिवलेलं झंपर बाईला नातवंडं झाली तरी अंगाला येतं. धंदा म्हणून हा शुद्ध वेडेपणा आहे आणि बाजारातले टेलर हसतात. "हसू दे," काकू म्हणतात. "बाई काय तेवढीच ऱ्हाती का जलमभर?"

हा शब्द त्या कुठंही वापरतात. बस चुकली की "फुडची हाय, टायमात माया हाय." डॉक्टरणीची मुलगी परीक्षेत नापास झाली आणि घरात रडारड सुरू झाली, तेव्हा काकू दारातूनच म्हणाल्या, "लई आवळून शिवून राहिलात पोरीला. जरा सोडा. माया हाय तिच्यात."

आता त्या खोलीबद्दल. दहा बाय दहाची खोली, पण त्यात उभं राहायला जागा एका माणसापुरती. कतरणीची पोती, अस्तराचे गठ्ठे, बिस्किटांच्या डब्यांत हूक आणि हुकांच्या डब्यात बिस्किटं. मधोमध मशीन. मशीनपर्यंत जायची एकच पायवाट आहे आणि ती फक्त काकूंना माहीत आहे. माझ्या नवऱ्याची एक पँट चेन बदलायला दिली होती. ती तीन वर्षांनी सापडली, तोवर त्याला ती होईना. मी भांडायला गेले तर काकू म्हणाल्या, "त्यात माझी काय चूक? रेडिमेड हाय ती. माया ठेवतेत का ते?"

आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर टांगलेली मापाची झंपरं. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांना टेप लावून घ्यायला आवडत नाही. अंगाला नीट बसणारं एखादं जुनं झंपर माप म्हणून द्यायचं, आणि नवं नेताना तेही परत न्यायचं. पण न्यायचं बऱ्याच जणी विसरतात. ती सगळी काकूंनी जपून ठेवलेली, प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. साठ तरी असतील.

मला त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत घर आवरायचं वेड लागलं होतं. मोबाईलवर एक बाई रोज कपाटं रिकामी करून दाखवायची, तिच्या नादानं मीही सुटले होते. आमच्या घरात डाळींना चिठ्ठ्या लागल्या होत्या आणि नवऱ्याचे मोजे उभे राहायला शिकले होते. घरात आवरण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी जरा अस्वस्थच होते, तेवढ्यात शिवानंदचा फोन आला.

"ताई, आईला नांदेडला आणतोय. एकटी राहते, जिवाला घोर लागतो. रविवारी टेम्पो घेऊन येतो. मशीन आणि एक ट्रंक, बस. बाकी खोली तेवढी तुम्ही आवरून घ्या. घर भाड्यानं देऊन टाकू."

"काकूंना विचारलं का?"

"सांगितलंय तिला."

विचारणं आणि सांगणं यातला फरक मी रोज चाळीस मुलांना शिकवते. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती पोती होती. मी हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून हजर झाले. तीन कोपरे ठरवले. एक ठेवायचं, एक द्यायचं, एक टाकायचं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् बघू कुठं ठेवायचं?"

"बघू म्हणजे?"

"म्हंजे ठेवायचं का टाकायचं ते बघू."

असा चौथा कोपरा झाला. दुपारपर्यंत टाकायच्या कोपऱ्यात कतरणीचं एक पोतं आणि एक मोडकी कैची होती. ठेवायच्या कोपऱ्यात मशीन. द्यायचा कोपरा रिकामा. आणि बघू खिडकीच्या वर गेला होता.

"काकू, वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते टाकून द्यायचं असतं."

"असं कोन म्हनलं?"

मी मोबाईल दाखवला. त्यातल्या बाईच्या पांढऱ्याशुभ्र रिकाम्या खोलीकडं काकूंनी बराच वेळ पाहिलं. टाचण्या या गालातून त्या गालात गेल्या.

"लई साफ हाय. इच्याकडं कुनी येतं का?"

मी मोबाईल बंद केला आणि दोरीकडं वळले. एकेक चिठ्ठी वाचायला लागले. "ही अठ्ठावीस कोण?"

"ती निलंग्याला दिली. दोन लेकरं झाली आता."

"हे न्यायला ती येणार आहे?"

"न्हाई आली तर न्हाई. पन आली अन् माप नसलं तर?"

"मग टेप लावा की!"

"टेप नुस्ता आजचं सांगतो गं. हे झंपर ती आली तवाचं सांगतं." आणि मग एकदम आवाज चढला, "तुला अन् शिवाला एकदाच सांगून ठेवते. ह्या दोरीला हात लावायचा न्हाई. खोली ऱ्हाईल तर दोरी ऱ्हाईल, न्हाईतर मी सोताला दोरीनं बांधून खोलीत बसते. बघू कोन काढतं!"

मी शिक्षिका आहे, हट्टी मुलं मला नवी नाहीत. मी गुपचूप दोरीच्या टोकापासून सुरुवात केली. शेवटचं झंपर भिंतीकडं तोंड करून टांगलेलं होतं. हिरव्या खणाचं, रंग विटलेला, पण काजं हातानं केलेली आणि एकही टाका लहानमोठा नाही. चिठ्ठीच नव्हती त्याला.

"हे तरी टाकू ना? नाव नाही, आकडा नाही."

काकूंनी ते माझ्या हातातून घेतलं, घडी घातली, स्टुलावर ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"बघूत ठेवायचं का?" मी चेष्टेनं विचारलं.

"त्यात बघायचं काय न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पुढं कामच झालं नाही. बाकीचे दिवसही तसेच गेले. मी टाकायच्या कोपऱ्यात ठेवायची, त्या बघूत न्यायच्या.

रविवारी दहाच्या सुमाराला टेम्पो आला. शिवानंद आत आला, खोली पाहिली आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी वर्गपाठ न केलेल्या मुलासारखी भिंतीला टेकले. काकू मशीनवर बसल्या होत्या. गळ्यात टेप.

"शिवा, तिथली माझी खोली किती बाय किती?"

"आठ बाय दहा, आई."

"त्यात काय काय हाय?"

"पलंग आहे, कपाट आहे. मशीन आपण गॅलरीत ठेवू, वरून ताडपत्री टाकू."

मला तेव्हाच कळलं की टेम्पो रिकामा जाणार.

"गॅलरीत कुंड्या ठेवतेत," काकू म्हणाल्या. "अन् मला कुठं ठेवशील? पानी घालायला सोपं पडंल अशा जागी?"

"आई, तुझी काळजी वाटते म्हणून म्हणतोय ना!"

"काळजी वाटती तर ये की. नांदेड काय इलायतेत हाय? येश्ट्या बंद पडल्या का?"

"अगं, पण इथं तुझं आहे कोण?"

काकूंनी बोट वर केलं. "मोज."

शिवानंदनं दोरीकडं पाहिलं, मग वळून मला म्हणाला, "ताई, तुम्ही तरी समजावा हिला."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी त्याच्या बाजूनं होते. पण मान वर केली तर दोरीवरचं तिसरं झंपर माझं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला घातलेलं, निळ्या काठाचं. चिठ्ठीवर चौतीस, मग खोडून छत्तीस, मग खोडून अडतीस. ते इथं आहे हे मी पार विसरले होते. मला माझी फार लाज वाटली.

"शिवानंद," मी म्हणाले, "त्यातली एक मीच आहे. मला नाही समजावता येणार."

तो वाईट मुलगा नाही. थोडा वेळ चिडला, मग चहा प्याला, मग दर पंधरा दिवसांनी यायचं कबूल केलं. निघताना आईच्या पाया पडून उठला आणि तिच्याकडं बघतच राहिला. "आई, किती वाळलीस गं. हे बघ, खांद्यावरून उतरलंय."

"मी न्हाई वाळले. कापड वाढलंय."

आणि तो आणखी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या टाकायच्या कोपऱ्यातलं एकुलतं एक पोतं टेम्पोत चढवायला लावलं. "चांगली कतरन हाय. सूनबाईला सांग, उशीत भर म्हनावं. सासू आली म्हनून समज."

टेम्पो गल्लीच्या बाहेर गेला. लढाई जिंकलेल्या बाईनं खरं तर मशीन सुरू करायला हवं होतं, पण काकू पायडलवर पाय ठेवून नुसत्या बसून राहिल्या. टाचण्या काढून डबीत ठेवल्या होत्या. तोंडात टाचण्या नसलेल्या काकू मी पहिल्यांदाच पाहत होते.

"काकू, सगळ्या गल्लीचा आकडा सांगता. तुमचा किती?"

"छत्तीस," त्या लगेच म्हणाल्या.

"कुणी घेतलं माप?"

त्यांनी स्टुलाखालून ते हिरवं झंपर काढलं. "ह्यांनी. मुरुडला दुकान होतं त्यांचं. लगीन झाल्यावर पैलं झंपर माझं शिवलं. गावातल्या समद्या बायांची मापं घेतलेला मानूस, पन माझ्या टायमाला टेप दोनदा हातातनं पडला." त्या हसल्या. "ते गेल्यापासून ह्याच्यावरच बेतते. बावीस वर्षं झाली. सोताचं माप सोताला घेता येत न्हाई गं. पाठीमागं हात पुरत न्हाई."

सगळ्या गल्लीचे आकडे नजरेनं बदलणाऱ्या या बाईला बावीस वर्षांत कुणी टेप लावला नव्हता, आणि माझ्याही ते कधी मनात आलं नव्हतं. मी त्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला.

"उभ्या राहा."

"तुला येतं का?"

"भूमिती शिकवते मी."

त्या उभ्या राहिल्या. माप द्यायला आलेल्या पोरी राहतात तशाच, हात दोन्ही बाजूंना किंचित उचलून, नजर समोर. मी पाठीमागून टेप फिरवला आणि पुढं आणून जुळवला. आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला.

"छत्तीस," मी म्हणाले.

"टेप माझा हाय," काकू म्हणाल्या. "खरं सांग."

"तीस."

बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. मग काकू बघूच्या ढिगाकडं गेल्या आणि मधूनच, ढीग न पाडता, हिरव्या खणाचा एक कोरा तुकडा ओढून काढला. आठवडाभर मी तो चार वेळा टाकायच्या कोपऱ्यात ठेवला होता. त्यांनी तो फळीवर पसरला आणि खडू माझ्या हातात दिला.

"मार खुना. तीसचंच बेत."

त्या सांगतील तशा मी रेघा मारल्या. कडेला दोन बोटं माया सोडली आणि वर पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"आजून सोड."

मी तीन बोटं केली.

"आजून."

"चार बोटं? एवढी माया कशाला, काकू?"

"कशाला म्हंजे?" काकूंनी डबीतल्या दोन टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. "छत्तीसला परत जाता आलं पायजे की!"

मी खडू आणखी एक बोट पुढं सरकवला.