आऽ करा, काका

"आऽ करा, काका."

महाराजपूरच्या त्या वृद्धाश्रमात रोजची सकाळ अशीच उजाडे. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या प्रत्येकाच्या हिरड्या सलोनी सिस्टर टॉर्च मारून बघायची, मग अंगावर कुठं काळानिळा डाग आहे का ते. चिंतामणरावांनी आ केला आणि तिच्या हातातला टॉर्चच पडला.

"अरे बाप रे! काका, ये तो खून है!"

रक्त कसलं! सकाळी फिरायला गेलेल्या शेजारच्या खाटेवरच्या भय्यासाहेबांनी टपरीवरून चोरून आणलेलं पान होतं ते. लाल तोंडात रक्त कळत नाही, म्हणून इथं पानाला सक्त बंदी. राव कबूल करणारच होते. पण सलोनी वास घ्यायलाही थांबली नाही.

"रुको, आधी शैलेंद्रभैयांना फोन लावते!"

रावांनी तोंड मिटलं. शैलेंद्र, त्यांचा मुलगा, दिवाळीलासुद्धा आला नव्हता.

मग काय विचारता! डॉक्टरांनी फोनवरच गोळी थांबवली, रक्त तपासायला गेलं, आणि लागलीच सगळ्या आश्रमाची झडती सुरू झाली. नातीनं विनताबाईंच्या हातावर काढलेली मेंदी स्पिरिटनं घासून झाली. भय्यासाहेबांच्या मानेवरच्या डागाचा फोटो डॉक्टरांना गेला.

"अहो, हा जन्मापासून आहे! काहून छळून राहिल्या?" भय्यासाहेब ओरडत होते. पानाबद्दल मात्र चकार शब्द नाही. दोस्ती म्हणजे दोस्ती.

संध्याकाळी शैलेंद्र भोपाळहून धावत आला. "बाबा, घाबरू नका, मी आहे ना," म्हणत त्यानं बापाचा हात धरला. लहानपणी गुडघा फुटला की हाच हात तो घट्ट धरून बसायचा. रावांना वाटलं, थोडं खरंच आलं असतं रक्त, तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात रिपोर्ट आला. सगळं ठीक. आणि बापाला पांघरायला म्हणून शैलेंद्रनं शाल झटकली, तर तिच्यातून दुसरं पान पडलं.

"पानासाठी? मीटिंग सोडून आलो मी, बाबा! सिस्टर, यापुढे मला उगाच फोन करायचा नाही." चहाही न घेता तो गेला.

गोळी पुन्हा सुरू झाली. आठवड्यानं एका सकाळी राव नुसतेच तोंड मिटून बसले. सलोनीनं आ करायला लावला.

"काका! फिर से पान?" ती चिडून वाकली, वास घेतला, आणि तिचा चेहरा उतरला. कत्थ्याचा वास नव्हता. बडीशेपेचाही नाही. तिचा हात फोनकडे गेला.

रावांनी तो धरला.

"त्याला नको, बेटा. डॉक्टरला लाव." रुमालानं ओठ टिपत ते म्हणाले, "आणि शैलेंद्रनं विचारलंच कधी, तर पान होतं म्हण."