डोंगरे काकांची पडताळणी

डोंगरे काका भाजी घ्यायला गेले की आधी तराजू स्वतःच्या हातात घेत. रिकामी पारडी उचलून धरत आणि काटा मधोमध आला तरच वांगी निवडायला बसत. वजनमापे निरीक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, पण वर्ध्याच्या बाजारात कोणी हरकत घेत नसे. "पडताळणी केल्याबिगर कायचाच भरवसा नाई," असं ते दिवसातून दहादा म्हणत.

दोन हजार चारच्या सुमाराला माझा स्टेशनजवळ चार कॉम्प्युटरचा नेट कॅफे होता. एका सकाळी काका तिथे आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली टिकवायची तर औषधाचे थेंब रोज, जन्मभर. एकाच माणसाच्या सांगण्यावर जन्मभर कसं काय, असं काकांचं म्हणणं. त्यांना इंटरनेटवर पडताळणी करायची होती.

तिथून आम्हा दोघांचा गोंधळ सुरू झाला. मराठी पान उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसले. एका हिंदी पानाची अक्षरं तेवढी उमटली, त्यावर 'काला मोतिया' लिहिलेलं. हा आपल्याला आणखी एक रोग झाला, असं धरून काका दोन दिवस उदास होते. तो काचबिंदूच, हे मलाही तिसऱ्या दिवशी कळलं. इंग्रजी पानांवर प्रत्येक वाक्यात 'होऊ शकते' होतं. मी बी.कॉम. झालेला. मी केलेलं भाषांतर माझं मलाच समजत नसे. एका पानावर मधाने काचबिंदू बरा होत होता, आणि खाली तोच मध विकायलाही होता.

शेवटी काकांनी दोन कसोट्या ठरवल्या. पानावर लिहिणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा. आणि घरी मोठ्याने वाचल्यावर काकूंना समजलं पाहिजे. काकू चौथी शिकलेल्या. "तिले समजलं तं पान पास."

काका रोज प्रिंट आणि माझं भाषांतर घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी लाल पेन्सिलीने 'नापास' लिहून आणत. महिना गेला, एकही पान पास होईना. मधाचंसुद्धा नाही.

एकदा मी सहज थेंबांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "बंद ठेवले. चौकशी पुरी झाल्याबिगर काऊन टाकू?"

मी कॅफे बंद केला आणि त्यांच्यासोबत घरी गेलो. थेंब बंद आहेत हे काकूंना माहीतच नव्हतं. मी सांगितल्यावर त्या हातातली परडी ठेवून खाली बसल्या.

"मले समजत होतं," त्या काकांना म्हणाल्या. "पहिल्याच पानात समजलं. डॉक्टर म्हनते तेच लिहिलं हाय."

मग सांगितलं का नाही, असं काकांनी विचारलं.

"समजलं म्हटलं असतं तं तुमी वाचनं बंद केलं असतं. नोकरीभर तुमी दौऱ्यावर. माह्याजवळ बसून इतकं बोलले कधी?"

काका चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑटोने डॉक्टरांकडे गेले. महिन्याभरात नजर थोडी आणखी उतरली होती, ती परत येणार नव्हती. थेंब पुन्हा सुरू झाले. ते काकूच टाकू लागल्या.

पंधरा दिवसांनी काका कॅफेत आले. मी सवयीने काचबिंदू टाइप करायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"ते झालं. समुद्राचं काई पाह्य. तिनं पाह्यला नाई अजून. अक्षरं मोठी काढजो."

मी शोधू लागलो. ते जरा थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कठीनच पाह्य. सोपं तिले लवकर समजते."