धुडकू नानांची पारख

आमच्या बमरोलीच्या सोसायटीत नवीन माणूस राहायला आला की धुडकू नाना त्याला नाव, गाव, नोकरी यातलं काही विचारत नाहीत. ते उजवा हात पुढे करतात आणि म्हणतात, "तुमना चाकू दखाडा."

माणूस घाबरतो. सुरतेत एखादा अनोळखी इसम रस्त्यात चाकूचा विषय काढू लागला तर शहाण्याने घाबरावंच. त्यात नानांच्या मिशा पिकल्या तरी ताठ, आणि आवाज मिलच्या खडखडाटात कमावलेला. त्यांना म्हणायचा असतो तो घडीचा चाकू, पातं मुठीत मिटवून खिशात ठेवायचा. आमच्या गुजराती शेजारणी ज्याला चप्पू म्हणतात तो. "माझ्याकडे नाही" असं कुणी म्हटलं की नाना त्याच्याकडे अशा काही नजरेने बघतात, की बिचारा आपली पँट जागेवर आहे ना हे चाचपून घेतो.

नाना मूळचे शिरपूरकडचे. सारा जन्म पांडेसऱ्याच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात गेला. साड्यांच्या घड्या घालण्यात हयात गेल्यावर माणसाला घडी पडणाऱ्या कुठल्याही वस्तूचा कंटाळा यावा. नानांनी घडीचा चाकू जवळ केला. हा छंद केव्हा लागला ते कुणालाच ठाऊक नाही. विचारलं तर नाना सुरुवात कच्छमधल्या अंजारपासून करतात. तिथल्या लोहारांचे चाकू कसे, पात्याला पाणी कसं देतात, मुठीला पितळ कसं ठोकतात. ऐकणारा उठून गेला तरी अंजार संपत नाही.

चाकूची परीक्षा घ्यायला बसले की नाना एखाद्या नाडीवैद्यासारखे दिसतात. आधी मिटलेला चाकू उजेडात धरतात आणि पातं मुठीच्या मधोमध बसलंय का ते एक डोळा झाकून बघतात. मग तो कानाशी नेऊन उघडतात. खटक्याचा आवाज घट्ट आला पाहिजे. आवाज पोकळ आला तर जीभ टाळूला लावून 'च्यक्' करतात. मग दोन बोटांत पातं धरून डावी-उजवीकडे ढकलून बघतात. शेवटी धार, आणि ती ते स्वतःच्या डाव्या हातावरच्या केसांवर बघतात. उजव्या हातावर अस्वलासारखे केस आणि डावा हात तळहातासारखा गुळगुळीत, असा माणूस आमच्या भागात दुसरा नाही.

मी कापड मार्केटात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापायला एक चाकू बाळगतो. तो मी एकदा मोठ्या हौसेने नानांना दाखवला. त्यांनी तो उघडला, हलवला आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, "याघाई लोनी कापाई जाई, भाऊ. तेबी उन्हाळामा."

त्यांना बोलावणं म्हणजे जोखीमच असते. शेजारच्या पटेलांच्या नातवाच्या वाढदिवसाला केकबरोबर प्लॅस्टिकची सुरी आली. मेणबत्त्या पेटल्या होत्या, टाळ्या सुरू होणार होत्या, आणि नाना पुढे होऊन म्हणाले, "थांबा. पोराच्या हातात हे काय दिलंय?" मेणबत्त्या वितळून केकवर सांडेपर्यंत पोलादावर व्याख्यान चाललं. पटेलांच्या सुनेने त्यानंतर नानांना बोलावलं नाही. केक मात्र घरपोच पाठवते, आधीच कापून.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण नानांना एक मुलगी आहे, ज्योती. ती सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात रंगाच्या लॅबमध्ये काम करते. आई ती लहान असतानाच गेली. नानांनीच तिची वेणीफणी केली, डबे भरले, शाळेच्या मीटिंगांना तेच गेले. मुलगी लग्नाची झाली, स्थळं येऊ लागली, आणि नानांनी जावई निवडण्यासाठी जगात इतर कुणी वापरली नसेल अशी कसोटी काढली.

"जेना चाकूनं पातं हालस, तेनं मन बी हालस," हे त्यांचं तत्त्व. ज्याच्या चाकूचं पातं हलतं, त्याचं मनही डळमळीत.

पहिला मुलगा उधन्याचा, औषध कंपनीत कामाला, टाय लावून आला होता. नानांनी हात पुढे केला. मुलाने शेकहँडसाठी हात दिला. नानांनी तो बाजूला सारून चाकू मागितला. चाकू नव्हता. "खिसामा चाकू नही! मंग हाऊ लिंबू काय दातघाई तोडस का?" नाना मुलाच्या वडलांना म्हणाले. वडलांनी पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली.

दुसऱ्याचा मामा दुबईला होता. त्याच्याकडे परदेशी चाकू होता. त्यात कात्री, कानस, पेचकस आणि दात कोरायची काडीसुद्धा. नानांनी ती काडी उपसून नाकाशी नेली. "हाऊ चाकू शे का दुकान?" म्हणाले. तेही स्थळ गेलं.

मग बातमी पसरली. मध्यस्थ लोक मुलाकडच्यांना सांगू लागले, पगार कमी असला तरी चालेल, चाकू बरा असू द्या. झालं! नवऱ्या मुलांची रीघ खिशात चाकू घालून आमच्या गल्लीत येऊ लागली. कुणी मित्राचा मागून आणलेला, कुणी स्टेशनबाहेरून सकाळीच घेतलेला. नाना एकेकाचं पातं हलवायचे, 'च्यक्' करायचे आणि मुलगा पायऱ्या उतरायचा. गल्लीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून मजा बघायच्या. मीसुद्धा बघायचो. ज्योती चहाचे कप उचलून आत न्यायची. हसायची मात्र मुळीच नाही.

आणि मग किशोर आला. कोसाडचा. ज्योतीच्याच कारखान्यात मशीन दुरुस्तीला होता. बरोबर फक्त त्याची आई. नानांच्या बाजूने मी बसलो होतो, कारण अशा वेळी नानांना आवरायला कुणीतरी लागतं.

किशोरने मागायच्या आधीच चाकू काढून नानांच्या हातावर ठेवला. साधा चाकू. शिंगाची काळी मूठ, पितळी खिळे. नानांनी उजेडात धरला. पातं बरोबर मधोमध. कानाशी नेऊन उघडला. इतका सुरेख खटका मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. नानांच्या भुवया वर गेल्या. डाव्या हातावर कापायला केस उरलेच नव्हते, म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचा कोपरा धरला. कागदाला कळलंसुद्धा नाही.

मग पातं हलवायची वेळ आली. त्यांनी दोन बोटांत ते धरलं आणि धरूनच ठेवलं. 'च्यक्' नाही. किशोरच्या आईने पदर सावरला. मी खोकलो. शेवटी नाना कुणाकडे न बघता म्हणाले, "पातं हालस."

किशोरचा चेहरा उतरला. मी वाकून बघितलं. चाकू खरंच थरथरत होता.

ज्योती आतून आली. आमच्यासमोर नानांच्या पुढ्यात बसली आणि त्यांच्या हातातून तिने तो चाकू काढून घेतला. ती नानांच्याच हाताखाली वाढलेली. तिने पातं ढकललं, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"नाना, पातं हालत नही," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमना हात हाली ऱ्हायना. हाऊ चाकू मीच पारखेल शे."

नाना आपल्या हाताकडे बघत राहिले, जणू तो कुणीतरी त्यांना न विचारता मांडीवर आणून ठेवलाय. मला हसू यायला हवं होतं. इतकी स्थळं या माणसाने पात्यांवरून पळवली होती, आणि मुलीने त्यांच्याच विद्येने त्यांना पकडलं होतं. पण ज्योतीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नानांच्या मिशा पहिल्यांदाच खाली आल्यासारख्या दिसत होत्या.

"तुले पसंत शे?" त्यांनी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

नानांनी चाकू परत मागून घेतला, सावकाश मिटवला आणि किशोरच्या हातात दिला. "खटका चांगला शे," म्हणाले. मग घसा साफ करून मोठ्याने, "ज्योती, पाव्हनास्ले चहा दे."

लग्न सोसायटीच्या वाडीतच, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयातच झालं. नाना दिवसभर आचाऱ्यांवर, मांडववाल्यांवर, घोडेवाल्यावर ओरडत होते. पाठवणीच्या वेळी ते कुठे दिसले नाहीत. मी शोधत गेलो तर मागे भांडी मोजत बसले होते. ती भांडी भाड्याची होती आणि मोजायचं काम दुसऱ्याचं होतं. "गाडी निघते आहे, चला," मी म्हणालो. "जाऊ द्या," म्हणाले, "मी गयू तर ती रडी." गाडी निघाली, तरी ते बसूनच राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी आमची कडी वाजली. दारात नाना, हातात ताट. ताटात पपईच्या फोडी, सालं काढून, बिया काढून, एकसारख्या मांडलेल्या.

"बाजारमा चांगली दिसनी, लई उनू," ते म्हणाले. "घरी इसन ध्यानमा उनं. आख्खी पपई एकलाले जात नही, भाऊ."

बायकोने ताट घेतलं. नाना उंबऱ्यातच उभे होते, एक चप्पल काढलेली, एक पायात. आमच्या घरात कुठे काय आहे ते पहिल्यांदाच बघितल्यासारखे इकडेतिकडे बघत होते.

"तुम्ही लोक रविवारे किती वाजता जेवतस?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच बसतोय," बायको म्हणाली. अजून कुकरही लावलेला नव्हता.

नानांनी दुसरी चप्पल काढली.