पाऱ्याला नावं सांगणारे साळवेमामा

साळवेमामा ब्लडप्रेशर मोजताना नावं घ्यायचे. देवाची नाही, माणसांची. दंडाला पट्टा आवळायचा, रबरी फुगा दाबायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत हळूच म्हणायचं, "टाइमकीपर." मग हवा सोडत पाऱ्याकडे बघायचं. पुन्हा पट्टा फुगवायचा. "सासरा." पुन्हा बघायचं. ज्या नावाला पारा जास्त वर सापडला, ते केसपेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. अंबडच्या अंगाला आमचा साखर कारखाना, त्याच्या दवाखान्यात मामा कंपाउंडर. मी आलो होतो पार किनवटच्या रानातून, मुदखेडला गाडी बदलून. सातवीत शाळा सोडलेला, ओळखीचं कुणी नसलेला. मामा मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "ए किनवट, इकडं ये." पण त्या हाकेनं मला घरचं नाव दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळायचं, म्हणून मी मुद्दाम दवाखान्यावरून जायचो.

नावांमागं मामांचं शास्त्र होतं. "अंग येडं असतंय. वाघ दिसला की काळीज पळतं, नसा आवळतात. का? तर पळायची तयारी. साहेब दिसला तरी अंग तेच करतंय, त्याला फरक कळत न्हाई. पण वाघ निघून जातोय. साहेब रोज आठला येऊन राह्यला. मंग नसांनी सैल व्हावं कधी?"

हेडक्लार्क म्हणायचे, कामाच्या ताणानं आपलं प्रेशर वाढलंय. मामांनी मॅनेजरांचं नाव घेतलं, पारा गप्प. हिशेबनिसाचं घेतलं, गप्प. शेवटी धाकट्या भावाचं घेतलं आणि पारा सरसर वर. हेडक्लार्क भडकले, "माझा भाऊ म्हणजे राम-लक्ष्मणाची जोडी हाय." मामा म्हणाले, "हाव ना. पण तुमच्या नसांना वनवास कुणी दिला, ते पारा सांगून राह्यला." त्यांना गोळ्या मात्र त्यांनी बराबर दिल्या. "नावानं दुखणं कळतंय. उतरायला गोळीच लागती," हे ते प्रत्येकाला बजावायचे.

माझं काम बॉयलरवर, तेही हंगामापुरतं. कायम व्हायला डॉक्टरांचा दाखला पाहिजे होता, आणि बॉयलरच्या धगीत वाढलेलं प्रेशर चालत नाही. मी दोनदा तपासणीत नापास झालो. नापास व्हायच्या भीतीनं मी शाळा सोडली होती. इथं रक्तच नापास व्हायला लागलं. तिसरी तपासणी शेवटची. ती हुकली की गाठोडं उचलून परत जायचं, आणि घरी आई सगळ्या गल्लीला सांगून बसली होती की पोरगं कारखान्यात चिकटलं.

मामांनी मला दुपारच्या वेळी बसवलं आणि नावं घेतली. बॉयलरचा फोरमन: थोडा वर. बाप: वर. आई: आणखी वर. "बरं, गावातला वढा," मामा म्हणाले. पारा आणखीन वर. मामांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"तुला तर ज्यानं उतरावं त्यानंच चढतंय रे. एकट्यानंच आठवून राह्यला ना?"

रोज संध्याकाळी खोलीच्या भिंतीकडे तोंड करून मी तेच करायचो, हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

तपासणीच्या दिवशी मी दंड पुढे करून बसलो. डॉक्टर नवे, तरुण, पुण्याकडचे, मनाविरुद्ध इकडे आलेले. "हलू नकोस. बोलू नकोस. श्वास नीट घे," ते खेकसले. तिन्ही गोष्टी एकदम करायच्या म्हणून मी श्वासच घ्यायचं विसरलो.

मामा कोपऱ्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. वर न बघता म्हणाले, "साहेब, आईचं पत्र आल्तं का?"

डॉक्टरांचा हात फुग्यावर थांबला. "आलं," ते म्हणाले. "लोणचं घातलंय. पण पाठवायचं कुणाबरोबर?" मग माझ्याकडे बघून, जरा वेगळ्या आवाजात, "तुमच्याकडे लोणचं कशाचं घालतात रे?"

"कैरीचंच, साहेब. पण आमची आई त्यात गूळ टाकती. बापाला चालत न्हाई, म्हणून दोन बरण्या घालती."

"आमच्याकडे उलटं. वडिलांना गोड लागतं."

खूप वेळ लोणचं चाललं. पट्टा कधी फुगला, कधी सुटला, मला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. सही कुठे करायची, साळवे?"

त्या रविवारी मी पेढे घेऊन मामांच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडं होतं. मामा खुर्चीत बसलेले, स्वतःच्याच दंडाला पट्टा. समोरच्या कागदावर लिहिलेला आकडा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा.

"मामा, हे काय?"

"गोळ्या चालू हायेत. तू बस."

"मंग नाव घेऊन पाहा ना."

"आपलं आपण घेऊन काय होतंय? दुसऱ्यानं घ्यावं लागतंय." मग स्वतःच म्हणाले, "सुमन. माझी बायको. सातवा महिना होता. पायाला सूज आल्ती, डोकं दुखतंय म्हणायची. मी म्हणलं, थकली असंल. इथं मी साऱ्या कारखान्याचं प्रेशर पाहून राह्यलो, तिचं एकदाबी पाह्यलं न्हाई. चार वर्षं झाली तिला जाऊन. आता तिचं नाव घेणारं कुणी न्हाई. तिच्या माहेरचेबी घेत न्हाईत, मला वाईट वाटंल म्हणून."

मी पेढे खाली ठेवले. स्टेथोस्कोपच्या नळ्या कानाला लावल्या, मामा लावतात तशा. फुगा दाबला. "सुमनमामी," मी म्हणालो, आणि हवा सोडली. कानात नुसती धडधड. माझी की त्यांची, कळेना. पाऱ्याच्या रेघा मला वाचता येत नव्हत्या.

"किती?" मामांनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"उतरलं," मी म्हणालो.

"बराबर." त्यांनी दंड तसाच पुढे ठेवला. "आणखी एकदा घे."