काचेच्या कपाटातली चौकट

विद्यापीठाच्या शेतमजूर सुरक्षा व आरोग्य विभागात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू होऊन तीन वर्षं झाली आणि या काळात एकाही विद्यार्थ्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. कारण एकही विद्यार्थी शेतात गेला नाही. शेत धोकादायक असतं, हे विभागानेच संशोधनाने सिद्ध केलं होतं. सुरक्षित असल्याचा दाखला असलेल्या शेतातच प्रात्यक्षिक करता येई. तो दाखला देण्याचा अधिकार फक्त या अभ्यासक्रमाच्या पदवीधराला. आणि प्रात्यक्षिकाशिवाय पदवी नाही.

तीन वर्षं या चक्रात फिरून तिथली विद्यार्थिनी दोब्रिला कंटाळली नव्हती, घाबरली होती. तिचा मामा विदोये सर्बियातल्या डोंगरउतारावर दुसऱ्याच्या आलूबुखाऱ्याच्या बागेत ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला चिरडण्यापासून वाचवणारी लोखंडी चौकट त्याने स्वतःच करवतीने कापून काढली होती. फांद्यांना अडकायची, फळं गळायची. अख्ख्या गावाने कापल्या होत्या. विदोयेच्या चौकटीवर आता कोंबड्या झोपत.

"मामा, गेल्या वर्षी उतारावर दोन माणसं गेली."

"ते प्यायले होते."

"आणि तू?"

"मी पिऊन चालवतो, पण जपून." मग जरा नरमून तो म्हणाला, "फांदीखालून जाताना दुमडता येईल अशी आण, बसवतो. शिकलेली भाची आहेस, तुझा शब्द कसा मोडू?"

तशी दुमडणारी, कोरी करकरीत चौकट विभागाच्या दारातच काचेच्या कपाटात उभी होती. दोब्रिलाने अर्ज केला. प्राध्यापक मिलिसाव यांनी तो दोनदा वाचला.

"मामा जखमी आहेत?"

"नाहीत, सर. म्हणूनच तर मागतेय."

"मग गरज सिद्ध होत नाही. अपघाताचा दाखला जोडा."

"दाखला आणायला मामा उरणार नाही!"

"वारसाची सही चालते," सर मायेने म्हणाले.

"सर, सोमवारपासून तोडणी आहे. ट्रॅक्टरखाली सापडलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय?"

"आलेखात."

शेवटी तोडगा निघाला. मजूर शेतात असतो तेव्हाच शेत धोकादायक, तर मजुरालाच विभागात आणावं, चौकट दाखवावी आणि प्रात्यक्षिक झालं असं लिहावं. चौकट देण्याचा विचार त्यानंतर. शुक्रवारी विदोये इस्त्रीचा सदरा घालून, सरांसाठी घरच्या दारूची बाटली घेऊन आला. तीस वर्षं डोंगरावर न घसरलेला हा माणूस विभागाच्या ओल्या फरशीवर घसरला. आधाराला कपाट धरलं. कपाट आडवं झालं आणि चौकट थेट त्याच्या पायावर.

"मेलो गं! हीच का ती, जीव वाचवणारी?"

"हलू नका," सर म्हणाले, "अंतर मोजायचंय."

पाय दोन ठिकाणी मोडला. अपघात शेतात न झाल्यामुळे अपघाताचा दाखला नामंजूर झाला. चौकट पुरावा म्हणून सीलबंद झाली. विदोये हंगामभर प्लास्टरमध्ये पडून राहिला, ट्रॅक्टर गोठ्यात. विभागाने अहवाल दिला: 'प्रशिक्षणानंतर चालकाची जोखीम शून्यावर.' दोब्रिलाला पदवी मिळाली, विशेष प्रावीण्यासह. त्याच विभागात नोकरीही.

नोव्हेंबरात प्लास्टर निघालं. उतारावर ओल्या पानांचा थर साचला होता. विदोये लंगडत ट्रॅक्टरवर चढला. पाठीमागे चौकट नाही, खिशात बाटली आहे.

त्याच दिवशी दोब्रिलाच्या टेबलावर अपघाताच्या दाखल्याचा एक फॉर्म आला. मामाचं नाव, वय, उताराचा कोन, सगळं भरलेलं. फक्त तारीख कोरी. तिने तो फाडला. शिपायाने शांतपणे दुसरी प्रत ठेवली.

ट्रॅक्टर अजून उलटलेला नाही. तो कधी उलटतो याची वाट बघत तुम्ही इथवर वाचत आलात ना? मग विभागात तुमच्यासाठीही एक खुर्ची रिकामी आहे. या, बसा. फरशी ओली आहे, जपून.