उपाशी माणसाला हत्ती

धन्नालालकाकांकडे पाणी मागितलं तरी आधी परीक्षा द्यावी लागे. "विहिरीचं का माठाचं? गडूत का गिलासात? नेमकं सांग, तुले काय पायजे?" उत्तर मिळेपर्यंत हे तांदळाचे व्यापारी जागचे हलत नसत.

मी सातवीत शाळा सोडून देवरूखहून थेट गोंदियाच्या रेल्वेत खलाशी झालो आणि त्यांच्या मागल्या खोलीत भाड्यानं राहिलो. काका विधुर, घरात ते आणि एकुलता एक सुमेर. पहिल्या दिवशी भीतभीत मी म्हणालो, "काही नको." काकांनी माझ्यासमोर मांडीच घातली. "काही नको असनारा मानूस मी अजून पायला नाही. बसून राहतो." शेवटी मी कबूल केलं, "भाताची पेज."

"तांदुळवाल्यापाशी पेजेले लाजते, लेकाचा!"

ती पेज मी विसरलेलो नाही.

या चौकशीचं मूळ फार जुनं निघालं. काका जैन. त्यांचे पहिले तीर्थंकर राजा ऋषभदेव राज्य सोडून मुनी झाले, आहारासाठी दारोदार फिरले. कालचा राजा दारात बघून लोकांनी रत्नं आणली, घोडे आणले, हत्ती आणले. अन्न कुणीच देईना. महिने गेले, तेव्हा कुठे अक्षय तृतीयेला एकानं उसाचा रस दिला. ही गोष्ट सांगताना काका दर वेळी नव्यानं तापत. "उपाशी मानसाले हत्ती! काऊन रे?"

"पण मुनी तर मागत नव्हते ना, काका?"

"मंग तोंडाकडं पायचं!"

त्या साली अक्षय तृतीयेला सुमेर ओट्यासमोर उभा राहिला. त्याला मुनिसंघाबरोबर जायचं होतं, आणि दीक्षेला बापाची संमती लागते.

"दुकान तुह्या नावानं करतो," काका म्हणाले.

सुमेरनं नकारार्थी मान हलवली.

"दवनीवाड्याचं वावर, धानाची सारी बांधी घे. शिवनीची पोरगी पायली हाये. नवा छकडा..."

रसाचे गिलास घेऊन मी दारात उभा होतो. कसा धीर झाला कोण जाणे, पण बोलून गेलो, "काका, हे हत्तीच झाले."

काका थांबले. पोराच्या तोंडाकडं कितीतरी वेळ बघत राहिले.

"जा," म्हणाले.

सुमेर पाया पडला, रस प्यायला आणि गेला.

दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. त्या संध्याकाळी सवयीनं दोन ताटं वाढली गेली. काकांनी दुसरं माझ्याकडं सरकवलं. काही विचारलं नाही.

मी पोटभर जेवून आलो होतो. त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मांडी घालून बसलो.